दर पावसाळ्यात छातीखाली लाल चट्टे, ट्यूब लावली की जातात आणि परत येतात

प्रश्न : नमस्कार मॅडम, आम्ही चिपळूणजवळ राहतो. माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या, अंगाने जाड आहेत, शुगरच्या गोळ्या चालू आहेत. तीन वर्षं झाली, पावसाळा लागला की त्यांच्या छातीखाली आणि पोटाची वळी पडते तिथे लाल होतं, आग होते, खाजतं, वास पण येतो. लाजून सांगत नाहीत, कपडे धुताना मला डाग दिसले म्हणून कळलं. मेडिकलमधून ट्यूब आणली, चार दिवसांत एकदम छान झालं पण बंद केली की आठवड्यात परत, आणि आता आधीपेक्षा जास्त पसरलंय. पावडर भरपूर लावतात. हे गजकर्ण आहे का? घरात दुसऱ्यांना लागेल का?

उत्तर : ताई, सासूबाईंचं हे दुखणं तुम्ही लिहून विचारलंत ते फार बरं केलंत, कारण या जागेबद्दल बायका बोलतच नाहीत. माझ्याकडे येतात त्या हातावरचा डाग दाखवायला, आणि निघताना दारापाशी थांबून हळूच म्हणतात, मॅडम अजून एक होतं. मग बघावं तर छातीखाली घडी करून ठेवलेला रुमाल, तो पार भिजलेला, त्याखाली पावडरीची पेस्ट झालेली आणि रुमाल नुसता सुटा करताना डोळ्यात पाणी येतं इतकी कातडी सोललेली. महिनोन् महिने तसं सोसत असतात हो.

तुमच्या वर्णनावरून हे यीस्टचं इन्फेक्शन वाटतंय, कँडिडा म्हणतात त्याला. ही बुरशी आपल्या तोंडात, आतड्यात थोडीफार असतेच, एरवी काही करत नाही. पण कातडीवर कातडी टेकून जिथे घाम अडकतो आणि वारा लागत नाही तिथे वरचा थर भिजून पांढरट, मऊ पडतो, खूप वेळ भांडी घासल्यावर बोटांचं होतं ना तसंच, मग चालताना घासून तो सोलवटतो आणि बुरशीचं फावतं. दिसायला लाल, ओलसर, चकचकीत चट्टा, कडेला पातळ पांढरी साल, आणि ओळखायची मोठी खूण म्हणजे मुख्य चट्ट्याच्या बाहेर सुटे सुटे लाल ठिपके किंवा बारीक पुळ्या. गजकर्णाची कडा उचललेली, खवल्यांची असते, ते गोल पसरत जातं आणि मधे बरं झाल्यासारखं दिसतं. कधी दोन्ही एकत्र असतात, म्हणून शंका असेल तर डॉक्टर तिथली साल थोडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, दुखत नाही.

आता ती ट्यूब. डबी फेकली नसेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. त्याने लाली आणि खाज पटकन बसते म्हणून वाटतं काय मस्त औषध आहे, पण तिथली प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी निवांत पसरते, बंद केलं की दुप्पट जोराने वर येतं. शिवाय वळीतली कातडी आधीच पातळ, तिथे हे औषध जास्त शोषलं जातं, कातडी अजून पातळ होऊन लांब लांब रेषा पडतात आणि त्या रेषा पूर्ण जात नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी काउंटरवर नुसतं 'खाजेची ट्यूब द्या' म्हटलं की ती हातात पडते, याचा मला मनापासून राग येतो. ज्यात चार-चार औषधं एकत्र आहेत असली ट्यूब कृपा करून परत आणू नका. पण महिनोन् महिने लावत असाल तर बंद करायच्या आधी डॉक्टरांना दाखवा, कारण मधेच सोडल्यावर काही दिवस आग, लाली वाढू शकते.

लावायचं ते साधं, बुरशीच्या एकाच औषधाचं मलम, क्लोट्रिमॅझोल १ टक्का किंवा मायकोनॅझोल २ टक्के. दिवसातून दोनदा, कोरड्या कातडीवर, अगदी पातळ थर, चट्ट्याच्या बाहेर बोटभर जास्त. दोन ते चार आठवडे लागतात, आणि दिसायला बरं झालं तरी आठवडाभर पुढे लावायचं, सगळे इथेच फसतात. (त्या रक्त पातळ करायची वॉरफॅरिनची गोळी घेत असतील तर मायकोनॅझोल नको, मलमातूनही फरक पडू शकतो.)

पण खरं सांगू का, ती जागा कोरडी राहिली नाही तर कुठलीही ट्यूब टिकणार नाही. अंघोळीनंतर मऊ सुती पंचाने टिपायचं, रगडायचं नाही, मग छाती हाताने उचलून धरून पाच मिनिटं पंख्याखाली बसायचं, हेअर ड्रायर असेल तर थंड हवेवर. नंतर जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा धुतलेला तुकडा घडीत असा ठेवायचा की कातडी कातडीला टेकणार नाही, आणि तो ओला झाला की बदलायचा, दिवसातून तीन-चारदा सुद्धा. तोच रुमाल दिवसभर ठेवला तर उपयोग शून्य. तुमच्याकडे आषाढात कपडे वाळतच नाहीत, कुबट वास येतो, तर ब्रा, परकर घालायच्या आधी गरम इस्त्री फिरवाच, शिवणीवर पण. परकराची नाडी बरोबर वळीत रुतते, ती थोडी वर किंवा खाली बांधायला सांगा. पावडर सध्या बंद, तिचे गोळे होऊन घासतात. ओल्या चट्ट्यावर खोबरेल, लिंबू, व्हिनेगर, अँटिसेप्टिक लिक्विड काहीच नको. कडुलिंबाच्या पाण्याचं विचाराल, तर इतक्या सोललेल्या कातडीवर तेही नको.

आणि शुगर. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी टेस्ट करून घ्या, कारण शुगर वाढलेली असेल तर हे जाता जात नाही. त्यांच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन आहे का तेही बघा, ती लघवीतून साखर बाहेर टाकते त्यामुळे लघवीच्या जागी आणि आजूबाजूला बुरशीचा त्रास होऊ शकतो. मनाने बंद करू नका, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला. शेजारणीने सांगितली म्हणून फ्लुकोनॅझोल ही बुरशीची गोळी तर अजिबात देऊ नका, शुगरची ग्लिमेपिराइड गोळी चालू असेल तर तिच्यामुळे शुगर एकदम खाली येऊ शकते.

घरात लागायची भीती कँडिडामध्ये फारशी नाही. गजकर्ण मात्र लागतं, म्हणून निदान होईपर्यंत टॉवेल वेगळा ठेवा. ताप आला, लाली गरम लागून पसरत गेली, पू किंवा फार दुखायला लागलं, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

प्रश्न : माझं बाळ ७ महिन्यांचं आहे. जुलाब झाले म्हणून अँटिबायोटिक दिलं, त्यानंतर डायपरच्या जागी लाल झालंय, रॅशची क्रीम लावून पाच दिवस झाले तरी कमी नाही. काय करू?

उत्तर : जांघेची घडी उघडून बघा. नुसत्या ओल्या डायपरने झालेली लाली फुगीर भागावर असते आणि घडी बहुतेक सुटते. घडीच्या आतच लालभडक असेल आणि भोवती ठिपके असतील तर बुरशी, आणि अँटिबायोटिकनंतर ती येतेच कधीकधी. अशा वेळी तुमच्या क्रीमच्या आधी बुरशीचं औषध लागतं, ते बाळाच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्या, त्या वेळी तोंडातही बघायला सांगा, जिभेवर, गालाच्या आत पांढरे डाग असतील तर तिथलाही इलाज एकदमच होतो. तोवर वेट वाइप्स बंद, कोमट पाणी आणि मऊ कापूस, टिपून घ्या, आणि दिवसातून जमेल तितका वेळ बाळाला खाली नुसतं दुपटं घालून उघडं ठेवा. चार दुपटी जास्त धुवावी लागतील.