परड्यातली झुकिनी आणि एका दाराचा फ्रीज

प्रश्न : काकू, उचगावला आमच्या घरामागं परडं आहे. भाऊ गोव्यात हॉटेलात कामाला आहे, त्यानं दिवाळीला येताना झुकिनीचं बी आणलं. हौसेनं सहा आळी केली. आता रोज दोन-तीन तरी निघतातच. एखादी पानाखाली दडून राहिली की दोन दिवसांत दुधीएवढी होऊन बसते. भाजी झाली, भजी झाली, कोशिंबीर झाली. मुलं ताट सरकवतात. शेजारच्या अक्कासुद्धा आता मला पिशवी घेऊन येताना बघितलं की लांबूनच कन्नडात ‘ब्याड, ब्याड’ (नको, नको) म्हणतात. म्हणून गेल्या आठवड्यात चिरून, पिशवीत भरून फ्रीजरात टाकली. काढून भाजी केली तर नुसतं पाणी आणि चोथा. काय चुकलं? आणि ठेवायचीच असेल तर कशी ठेवू?
— एक वाचक भगिनी, उचगाव (ता. बेळगाव)

उत्तर : सहा आळी! चार माणसांच्या घराला दोन रोपं रग्गड झाली. पण तुम्हाला हसायला मी कोण? बेळगावात अनगोळला आमच्या न्हाणीमागं दहा बाय बाराची जागा आहे. तिथं पहिल्या वर्षी मीही पाच रोपं लावली होती आणि तुमच्यासारखीच कच्च्या फोडींची एक मोठी पिशवी फ्रीजरात कोंबली होती. तिचा झाला दगड. पाहुणे आलेले, गॅसवर फोडणी तडतडतेय आणि मी उलथन्यानं तो दगड फोडतेय. उलथन्याची मूठ तुटली. सासूबाई दारात उभ्या. म्हणाल्या, ‘अगं, भाजी करालीस की खडी फोडालीस?’

अशा कच्च्या पिशवीत दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडतात, आणि लोक नेहमी त्यांची गल्लत करतात. झुकिनीत १०० ग्रॅमला ९४-९५ ग्रॅम पाणीच असतं. घरच्या फ्रीजरात ते सावकाश गोठतं, त्याचे मोठमोठे बर्फाचे कण होतात आणि ते आतल्या पेशी फाडतात. वितळली की पाणी बाहेर, चोथा हातात. याला इलाज नाही. आज परड्यातनं तोडलेली जशी करकरीत लागते तशी फ्रीजरातली कधीच लागणार नाही, ते मनातनं काढून टाका.

दुसरी गोष्ट मात्र टाळता येते. थंडीत भाजीतल्या विकरांचं, म्हणजे एन्झाइम्सचं काम मंदावतं, थांबत नाही. कच्ची ठेवलेली फोड महिना-दोन महिन्यांत रंग सोडते आणि तिला जुन्या गवतासारखा वास मारतो. तो टाळायला आधी उकळत्या पाण्यातनं काढावी लागते.

फोडी ठेवायच्या असतील तर वीतभर लांबीच्या आतल्या, कोवळ्या घ्या. साल काढू नका, देठ आणि फुलाचा बुडखा तेवढा उडवा, एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. अर्ध्या किलोला चार लिटर पाणी. हात आखडता घेऊन लहान पातेलं चढवलंत तर फोडी टाकल्याबरोबर पाणी थंड पडतं आणि त्या उकडत बसतात. पाणी परत उकळायला लागलं की तिथनं तीन मिनिटं मोजा. (बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे म्हणून वेळ वाढवायची का, असं मला एकीनं विचारलं होतं. नको. पाच हजार फुटांच्या वर राहणाऱ्यांनी एक मिनिट वाढवावं.) साल एकदम गडद हिरवी चकचकीत होते. लगेच झाऱ्यानं काढून बर्फाच्या पाण्यात टाका, तिथंही तीन मिनिटं. मग पंचावर पसरून टिपून घ्या. टिपायचा कंटाळा केलात तर पिशवीत बर्फ भरला म्हणून समजा.

पंचावरच्या चकत्या स्टीलच्या ताटात एकमेकींना न चिकटवता मांडून फ्रीजरात ठेवायच्या आणि दगडासारख्या झाल्या की पिशवीत. म्हणजे मूठभर लागल्या तर मूठभरच निघतात, उलथनं शाबूत राहतं. पिशवीतली हवा काढायला एक युक्ती : पिशवीचं तोंड वर धरून ती पाण्याच्या बादलीत हळूहळू बुडवायची. पाणी बाहेरनं दाबतं, हवा आपसूक निघून जाते, मग तोंड बंद.

एवढं सगळं सांगितलं खरं, पण मी स्वतः आता चकत्या ठेवतच नाही. सांबार किंवा आमटीत त्या चालतात, न वितळवता थेट उकळीत टाकायच्या. परतून केलेल्या भाजीत मला त्या आवडत नाहीत. शेवटी मऊच होणार आहे तर मऊच खपेल अशा रूपात का ठेवू नये? मी किस ठेवते.

मोठ्या झालेल्या झुकिन्या याच कामाला येतात. मधनं चिरा, जून बिया आणि जाळी चमच्यानं खरवडून काढा, साल राठ असेल तर सोला. जाड किसणीवर किसा. गणपतीला काढता ते मोदकपात्र घ्या, खाली पाणी खळखळ उकळू दे, चाळणीत किसाचा पातळ थर पसरून झाकण लावा. एक ते दोन मिनिटं, बास. पांढरा किस भिजलेल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक दिसायला लागला की उतरवा. निववा आणि निथळलेलं पाणी ओतून टाका.

आता मापाचा मुद्दा. आमच्या घरात चौघांच्या थालीपिठांना दोन वाट्या किस लागतो, म्हणून मी प्रत्येक पिशवीत दोनच वाट्या भरते, हातानं चापून वहीसारखी सपाट करते आणि वर तारीख घालते. सपाट पिशव्या लवकर गोठतात आणि एकीवर एक रचता येतात. वापरायच्या आदल्या रात्री पिशवी फ्रीजच्या खालच्या खणात काढून ठेवा. सकाळी किस जुन्या सुती फडक्यात पिळा. निघालेलं पाणी फेकू नका, त्यातच भाजणी भिजवा. पिळलेला किस थालीपिठात, धपाट्यात, मुटक्यांत, कशातही जातो. आमच्या गल्लीतल्या कन्नड बाई त्याचा बेसन पेरून पल्या, म्हणजे भाजी, करतात. तो मी दोनदा मागून खाल्ला आहे. मुलांना नाव सांगू नका म्हणजे झालं.

तुमचा फ्रीज एका दाराचा असणार असं धरून सांगते. त्याचा वरचा बर्फाचा कप्पा म्हणजे खरा फ्रीजर नव्हे. दिवसाला अर्धा-पाऊण किलोच्या वर ताजा माल त्यात घालू नका, नाहीतर काहीच धड गोठत नाही. उणे १८ अंशांचा वेगळा फ्रीजर असेल तर माल आठ-दहा महिने चांगला राहतो. आपल्या कप्प्यात तीन महिने धरा. त्यातनं एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस आला की करंट गेलाच म्हणून समजा. कधी तासाभरात येतो, कधी रात्र काढावी लागते. तेवढ्या वेळात दार उघडून ‘वितळलं का’ म्हणून बघत बसायचं नाही. आल्यावर पिशवी चाचपा : आत बर्फाचे खडे लागले तर परत गोठू दे, पाणी झालं असेल आणि पिशवी अजून गार असेल तर त्याच दिवशी शिजवून संपवा. कोमट लागली तर टाकून द्या. मी तर जानेवारीत भरलेलं पहिल्या वळवाच्या आत संपवते.

आणि सगळीच कशाला कोंबायची? कोहळ्याचे सांडगे घालता तसे दोन-चार जून झुकिन्यांचे घाला की, किस घट्ट पिळून उडदाच्या डाळीत. मार्चचं ऊन फुकट आहे, त्याला करंट लागत नाही. शिवाय आपल्याकडनं चोर्ला घाटानं रोज गोव्याला भाजी जाते. हॉटेलवाल्यांना वीतभर, कोवळी, फूल चिकटलेली झुकिनी लागते. बी आणून देणाऱ्या भावाला आता गिऱ्हाईकही बघायला सांगा.

प्रश्न : झुकिनी कडू निघाली तर गूळ घालून किंवा उकळून चालेल का? फ्रीजरात कडवटपणा जातो का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही, नाही आणि नाही. हा कडूपणा कारल्यातला नव्हे. कडू दुधीत असतो तो कुकुरबिटासिन नावाचा पदार्थ यात असतो. तो शिजवून जात नाही, गोठवून तर नाहीच. उलट्या-जुलाब होऊन माणूस आजारी पडतो. किसायला घेण्याआधी प्रत्येक फळाची नखाएवढी कच्ची चकती जिभेवर ठेवून बघा आणि थुंकून टाका. कडू लागली तर ते फळ उकिरड्यावर, गुरांनाही नको. झाड पाण्यावाचून सुकलं तरी कडूपणा वाढतो, पण परड्यात तो बहुतेक घरच्या धरलेल्या बियातनं येतो. मधमाशीनं कुठल्या फुलाचा पराग आणला ते आपल्याला दिसत नाही. बी दरवर्षी नवं पाकीट आणून लावा. उचगावच्या ताईंनीही हे वाचावं, आणि पुढच्या दिवाळीला दोनच आळी करावीत.