पोरगं गावभर झाडू मारतंय, घरात ताट उचलत नाही

प्रश्न : ताई, मुलगा एसवाय बीकॉमला आहे. गेल्या वर्षापासून कॉलेजच्या एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) जातोय. रविवारी तलावाच्या काठचा कचरा गोळा कर, कधी रक्तदान शिबिरात खुर्च्या मांड, आणि आता तर सात दिवस खेड्यात कॅम्पला जायचं म्हणतोय. घरात स्वतःचं ताट उचलत नाही आणि तिकडं जाऊन गटारी काढतोय! ह्याचे वडील म्हणतात फुकटची हमाली आहे सगळी, त्यापेक्षा कारखान्यात हिशोबाला बसला असता तर चार पैसे आले असते. पाठवू का नको?
– एक आई, अशोक चौक, सोलापूर

ताटाचं वाचून हसले ओ, कारण माझी आई पण अगदी हेच बोलायची, शब्दसुद्धा हेच. पाठवा. पण ह्याचे वडील म्हणतात त्यात थोडं खरं आहे, तेही सांगते.

आधी ही एनएसएस म्हणजे काय ते बघा. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत ही सुरू झाली, तेव्हा साधारण ४० हजार पोरं होती. वर्षाला १२० तास, असे दोन वर्षांत २४० तास काम आणि शिवाय सात दिवसांचा कॅम्प असा हिशोब असतो. म्हणजे तुमचा मुलगा कुठल्या नादाला वगैरे लागलेला नाही, नियमाप्रमाणेच चाललंय सगळं.

आता हमालीचं. काही ठिकाणी खरंच हमाली करून घेतात. पाहुणे येणार म्हणून पोरांना उन्हात उभं करायचं, बॅनर धरून फोटो काढायचा, पाहुणे गेले की सतरंज्या गोळा करायला पुन्हा हीच पोरं. मी त्याला सेवा म्हणत नाही. त्यामुळे मुलाला एवढंच विचारा, काय काम करायचं हे ठरवताना तुम्हाला कुणी विचारतं का? आणि काम चुकलं तर जबाबदारी कुणाची? "आम्हीच ठरवतो आणि शिव्या पण आम्हीच खातो" असं म्हणाला तर डोळे झाकून पाठवा.

कारण शिव्या खाण्यातच खरी गंमत आहे. आमचा कॅम्प होता एका गावात, डिसेंबरात, नाल्याला थोडं पाणी होतं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात माती भरून वनराई बंधारा घालायचं ठरलं, आणि जागा आम्हीच निवडली, नाल्याच्या अगदी वळणावर, का तर तिथं सावली होती! एक आजोबा रोज शेळ्या घेऊन जाताना सांगायचे, पोरांनो हितं नको, वर घ्या, काठ कच्चा हाय. आम्ही कॉलेजचे शहाणे, कोण ऐकतंय. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर पाण्यानं बाजूचा काठ फोडून आपली वाट काढलेली आणि आमची पोती तशीच मधे उभी, कोरडी. आजोबा येऊन दगडावर बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, आता इचारता का? उरलेल्या तीन दिवसांत त्यांनी दाखवली तिथं पुन्हा सगळं घातलं, हाताला फोड आले, पण पाणी अडलं. कामाला हात लावायच्या आधी तिथल्या माणसाला विचारायचं ही सवय मला तिथं लागली, आणि पुढं नोकरीत तिचा किती उपयोग झाला ते सांगत बसले तर हे पान संपेल.

आणि झाडू हे फक्त एक काम झालं. आपल्याच पंढरपूरचं बघा की. विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी मे १९४७ मध्ये उपोषणाला बसले हे आपल्याला माहीत असतं, पण त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर फिरले तेव्हा राष्ट्र सेवा दलाचं कलापथक बरोबर होतं. सेवा दल १९४१ चं, एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख. गाणी म्हणत गावोगाव जाणारी तरुण पोरं होती ती, आणि त्या दौऱ्यात कितीतरी गावांतल्या विहिरी आणि देवळं खुली झाली. त्यांच्याही घरी कुणीतरी विचारलंच असेल, गाणी म्हणून पोट भरतं का म्हणून. (डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचेच, पण त्यांचं उदाहरण देत नाही, ते १९३८ ला युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले ते परत आलेच नाहीत, तुम्ही कॅम्प रद्द कराल.)

कॅम्पला बॅटरी, जादा चादर आणि शेंगाचटणी द्या, चटणी दोन दिवसांत सगळ्यांत वाटून संपते. ताटाचं म्हणाल तर तिथं ज्याचं त्यानं घासायचं असतं. आल्यावर आठ दिवस घरी पण घासेल, तेवढ्यात बघून घ्या.

प्रश्न : मॅडम, मी पण एनएसएसला आहे पण आम्हा मुलींना फक्त रांगोळी, पाहुण्यांना ओवाळणं आणि कॅम्पमध्ये पोळ्या लाटणं एवढंच देतात. सर्व्हेला मुलं जातात. घरी आम्ही तेलुगू बोलतो, माझं मराठी थोडं अडखळतं, म्हणून मी पण पुढं पुढं करत नाही.
– एफवायची विद्यार्थिनी, पूर्व भाग

अगं, तुझ्याकडं जे आहे ते त्या मुलांकडं नाहीये! विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, नाहीतर पूर्व भागातल्या गल्लीत आरोग्य तपासणीचा कॅम्प लागला की विड्या वळणाऱ्या म्हाताऱ्या बायका डॉक्टरांपुढं मराठीत दोन शब्द बोलून गप्प होतात, खरी दुखणी तेलुगूतच बाहेर येतात, तीही बाईजवळ. तिथं तुझ्यासारखी मुलगी लागते. तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडं एकटी जाऊ नको, दोघी-तिघी जा आणि सरळ सांगा, सर्व्हेच्या प्रत्येक टीममध्ये एक मुलगी पाहिजे, घरातल्या बाईशी बोलायला. आणि पोळ्यांचं वेळापत्रक लावून घ्या, एक दिवस मुली, एक दिवस मुलं. पहिल्या दिवशी नकाशे खावे लागतील. खा. मराठी अडखळतं त्याचं मनाला लावून घेऊ नकोस, अर्ध्या सोलापूरचं अडखळतं.

प्रश्न : मी बारावीनंतर शिक्षण सोडलं, वय २४, टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. कॉलेजच नाही तर आम्ही असल्या कामात कुठं जायचं?
– एक वाचक, एमआयडीसी

कॉलेज लागतंच असं नाही. केंद्र सरकारचं 'मेरा युवा भारत' हे तरुणांना सेवेच्या कामात जोडणारं व्यासपीठ २०२३ ला सुरू झालं, ते १५ ते २९ वयासाठी आहे, मोबाईलवरून नाव नोंदवता येतं. पण खरं सांगू का, आधी आषाढी वारीत दोन दिवस सुट्टी काढ आणि पालखीच्या मुक्कामाला जा, नातेपुत्याला नाहीतर अकलूजला. पालखी पुढं गेल्यावर मागं पत्रावळ्या उचलणारे ग्रुप दिसतील, त्यात कॉलेजची पोरं असतात तशी नोकरीवाली पण असतात. हातमोजे घालून उभा राहा, कुणी मार्कशीट मागत नाही.