‘इंडियन’ मोटरसायकलचा भारताशी काही संबंध आहे का? नाव तर आपलंच वाटतं!

नाही, या नावातला ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी, भारतीय नव्हे. जॉर्ज हेंडी हा सायकल-शर्यतपटू मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला सायकली बनवायचा. त्या तो ‘अमेरिकन इंडियन’ नावाने विकायचा, पुढे नुसतं ‘इंडियन’ उरलं. माल अमेरिकेचा आहे हे परदेशी गिऱ्हाइकाला नावावरूनच कळावं, हा हिशोब. (कोलंबसची चूक अशी चारशे वर्षांनी पेट्रोलच्या टाकीवर आली!) 1901 मध्ये ऑस्कर हेडस्ट्रॉमने त्याला इंजिन बसवलेली पहिली गाडी करून दिली, तेव्हा तेच नाव तिला चिकटलं. खात्री करायची तर 1947 नंतरच्या ‘चीफ’ या ‘इंडियन’च्या मॉडेलचा फोटो बघा: पुढच्या मडगार्डवर पिसांचा मुकुट घातलेल्या सरदाराचं डोकं आहे, आणि त्यात चक्क दिवा लागतो. कंपनीच्या जुन्या नावात ‘मोटोसायकल’ दिसेल, मधला ‘र’ गायब. ती छपाईची चूक नाही, 1923 पासून अधिकृत नावच तसं होतं.

एक मात्र आहे. 1953 मध्ये स्प्रिंगफील्डचं उत्पादन थांबलं आणि 1955 पासून काही वर्षं अमेरिकेत ‘इंडियन’ म्हणून विकल्या गेलेल्या गाड्या प्रत्यक्षात रॉयल एनफील्डच्या होत्या. पण त्याही इंग्लंडमध्ये बनलेल्या, मद्रासच्या नव्हेत. आजच्या ‘इंडियन’ गाड्या म्हणाल, तर 2011 मध्ये पोलारिस या अमेरिकी वाहन कंपनीने ही कंपनी घेतल्यानंतरचा तो नवा अवतार आहे.