क्राउन टिकवायचा तर सिमेंट नीट निवडा

क्राउन (दातावर बसवलेली टोपी) सुटला की लगेच सिमेंटला दोष देऊ नका, आधी दाताचं प्रिपरेशन, म्हणजे क्राउनसाठी घासून दिलेला आकार, पाहा. उंची 4 मिमी किंवा जास्त आणि भिंती फार निमुळत्या नसतील, तर मेटल किंवा झिरकोनियाच्या (मजबूत सिरॅमिकच्या) क्राउनला रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयोनोमर हे सिमेंट पुरतं. दात बुटका असेल तर मात्र रेझिन सिमेंटच घ्या, आणि मग तात्पुरतं सिमेंट युजेनॉलविरहित (लवंग तेलातला हा घटक नसलेलं) हवं. युजेनॉलमुळे रेझिन नीट सेट होत नाही.

झिरकोनियात चूक होते ती ट्राय-इननंतर, म्हणजे क्राउन तोंडात बसवून पाहिल्यावर. लाळेतलं फॉस्फेट क्राउनच्या आतल्या बाजूला घट्ट चिकटतं. नुसत्या पाण्याने ते जात नाही, फॉस्फोरिक अ‍ॅसिड तर तिथे लावूच नका. 50 मायक्रॉन अ‍ॅल्युमिनाने कमी दाबावर सँडब्लास्ट करा, मग एमडीपी (झिरकोनियाला चिकटणारं रसायन) असलेला प्रायमर लावा. लिथियम डायसिलिकेटचं (काचेसारख्या सिरॅमिकचं) तंत्र वेगळं: 5 टक्के हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड 20 सेकंद, धुऊन वाळवून सिलेन (सिमेंटशी जोड देणारं द्रव्य).

क्राउन काठोकाठ भरू नका, भिंतींना पातळ थर पुरे. जास्त भरलं की आत दाब अडकतो, क्राउन पूर्ण बसत नाही, चावताना उंच लागतो आणि मार्जिनला (क्राउनच्या कडेला) उघडं राहिलेलं जाड सिमेंट झिजत जातं. बाहेर आलेलं सिमेंट रबरासारखं झालं की काढा. फ्लॉस वर न ओढता बाजूने सरकवून बाहेर घ्या.