कुत्र्याच्या पिल्लाला सोशलायझेशन क्लासला (जिथे पिल्लाला नव्या माणसांची, इतर पिल्लांची सवय लावतात) कधीपासून न्यावं?

पिल्लू ९ आठवड्यांचं आहे, पहिली लस झालीय; आता सगळ्या लसी होईपर्यंत थांबायचं का, असं विचारलंय तुम्ही. थांबू नका. पहिली लस आणि जंताचं औषध देऊन किमान ७ दिवस झाले की क्लासला नेता येतं. पिल्लू नवी माणसं, नवे आवाज सहज स्वीकारतं तो काळ साधारण वयाच्या ३ ते १४ आठवड्यांचा. लसींचा कोर्स संपेपर्यंत पिल्लू १६ आठवड्यांचं होतं, म्हणजे ही वेळ हातची गेलेली असते.

पार्व्होची (कुत्र्यांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार) भीती मात्र खोटी नाही. तो विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. म्हणून क्लास आतल्या जागेत, धुता येईल अशा फरशीवर भरतो का बघा, आणि प्रत्येक पिल्लाचं लसीचं कार्ड तपासतात का ते विचारा. तपासत नसतील तर दुसरा क्लास शोधा.

आमचं पिल्लू पहिल्या दिवशी पूर्ण वेळ खुर्चीखाली शेपूट पोटाशी घेऊन बसलं होतं. कुणी ओढून बाहेर काढलं नाही, तेच बरं झालं. तिसऱ्या वेळी स्वतःच बाहेर येऊन एकाचा बूट हुंगला (नाडी गेली, पण चालायचंच).

जुलाब किंवा उलटी असेल त्या दिवशी क्लास नको, आधी व्हेटला दाखवा.