गॉथेनबर्गहून मुलगा सांगतो, गोळी बंद करा

मागच्या अंकात स्वीडनच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलांमधल्या संशोधनावर दोनच परिच्छेद लिहिले होते, तर पत्रांचा ढीग आला. आपल्याकडे ठाण्यात नि नवी मुंबईत बिल्डिंगगणिक एकाचा तरी मुलगा नाहीतर सून तिकडे आहे की काय असं वाटायला लागलंय. असो. निवडक पत्रं घेतेय.

डॉक्टर, मिस्टरांना ३ वर्षांपूर्वी अटॅक आला होता, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. इकोमध्ये पंपिंग ५५ टक्के आलंय. मेटोप्रोलॉल चालू आहे. मुलगा गॉथेनबर्गला असतो, तो म्हणतो आई इकडच्या रिसर्चमध्ये आलंय की या गोळीचा उपयोग नाही, बंद करा. हे तर एका पायावर तयार आहेत कारण गोळीने सुस्ती येते म्हणे. करू का बंद? (वाशी)

नका करू. म्हणजे आपल्या आपण नका करू. मुलगा खोटं बोलत नाहीये, फक्त अर्धं वाचून फोन केलाय त्याने. तो ज्याबद्दल बोलतोय तो अभ्यास २०२४ मध्ये आला, रिड्यूस-एएमआय नावाचा. ५,०२० पेशंट, बहुतेक सगळे स्वीडनचेच, सगळ्यांना नुकताच अटॅक आलेला, अँजिओग्राफी झालेली आणि पंपिंग, म्हणजे हार्ट एका ठोक्यात किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते, ५० किंवा जास्त. निम्म्यांना मेटोप्रोलॉल किंवा तिच्याच जातीची बिसोप्रोलॉल दिली (दोन्ही पल्स नि बीपी उतरवणाऱ्या), निम्म्यांना नाही दिली, आणि साधारण साडेतीन वर्षं बघत बसले. मृत्यू किंवा परत अटॅक, गोळीवाल्यांत ७.९ टक्के, बिनगोळीवाल्यांत ८.३. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना. ही गोळी अटॅकनंतर द्यायचीच हे आम्ही शिकलो ते ज्या काळात स्टेंट नव्हते त्या काळातल्या अभ्यासांवरून, तेव्हा अटॅकनंतर हार्टचा मोठा भाग निकामी व्हायचा, आता तासाभरात नस उघडतात तर गणित बदलणारच, आणि ते बदललंय का हे कोणीतरी तपासायला हवं होतं ते त्यांनी तपासलं.

पण ताई, तिथे प्रश्न होता गोळी सुरू करावी का, आणि तुमचा प्रश्न आहे ३ वर्षं चालू असलेली बंद करावी का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न फ्रान्सवाल्यांनी त्याच वर्षी विचारला, तेव्हा बंद करणाऱ्यांचं बीपी नि पल्स वाढलं आणि हॉस्पिटलच्या वाऱ्या जास्त झाल्या. शिवाय २०२५ मध्ये स्पेन-इटलीच्या अभ्यासात गोळीचा फायदा दिसला नाही आणि नॉर्वे-डेन्मार्कच्या अभ्यासात थोडा दिसला, म्हणजे तज्ज्ञांचीही अजून जुंपलेलीच आहे. आणि मिस्टरांना ती गोळी बीपीसाठी किंवा धडधडीसाठीही असेल तर मग हा सगळा वादच त्यांना लागू नाही. एकदम बंद केली तर पल्स उसळू शकते, काही जणांना छातीत दुखायलाही लागतं, बंद करायचीच तर डोस हळूहळू उतरवतात. पुढच्या फॉलोअपला इकोचा रिपोर्ट घेऊन जा आणि सरळ विचारा, "डॉक्टर, ही गोळी कशासाठी आहे, अजून लागते का?" सुस्तीचंही सांगा. यात डॉक्टरला राग यायचं काही कारण नाही, आलाच तर तो त्यांचा प्रश्न.

आईला छातीत दुखतं म्हणून रात्री २ वाजता ऐरोलीहून हॉस्पिटलला नेलं. तिथे अटॅक आहे म्हणाले, सगळं केलं, पण ऑक्सिजन लावलाच नाही! मी भांडलो तर सिस्टर म्हणाली सॅच्युरेशन ९७ आहे, गरज नाही. हा निष्काळजीपणा नाही का?

नाही. सिस्टरला माझा नमस्कार सांगा. सिरियलमध्ये छातीला हात लावला की मास्क लागतोच, आणि २०२१ च्या कोविडच्या लाटेत आपण सिलिंडरसाठी ज्या रांगा बघितल्या त्यानंतर ऑक्सिजन नाकारला म्हणजे जीव नाकारला असं वाटणं साहजिक आहे. पण शंभरेक वर्षं डॉक्टरसुद्धा ही सवय म्हणूनच करत होते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का या संस्थेच्या डॉक्टरांनी ३५ हॉस्पिटलं जोडून ६,६२९ पेशंटवर तपासलं, सॅच्युरेशन ९० किंवा त्याच्या वर असलेले, अटॅकचा संशय असलेले, निम्म्यांना ६ ते १२ तास ऑक्सिजन, निम्मे नुसत्या हवेवर. २०१७ मध्ये निकाल आला. वर्षभरात मृत्यू ५.० आणि ५.१ टक्के, म्हणजे ऑक्सिजनने फरक पडला नाही. ९० च्या खाली गेलं तर मात्र द्यायचाच, त्यात वाद नाही.

स्वीडनची लोकसंख्या किती ती! तरी एवढे मोठे अभ्यास त्यांच्याकडेच कसे होतात? आपल्याकडे काय पेशंट कमी आहेत? (कोपरखैरणे)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. स्वीडनची लोकसंख्या १ कोटीच्या थोडी वर. आपला जुना अखंड ठाणे जिल्हा, पालघर वेगळं व्हायच्या आधीचा, २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाख होता. म्हणजे एक जिल्हा नि एक देश, जवळपास तेवढेच लोक. पेशंट आपल्याकडे भरपूर आहेत हो, सापडत नाहीत. माझ्याकडे पिशवीत फाइल घेऊन येतात, एका रिपोर्टवर नाव सुमन, दुसऱ्यावर सुमनबाई, तिसऱ्यावर नुसतं मिसेस अमुक, डिस्चार्ज कार्ड गावच्या घरी, आणि एक्सरे कुठे तर म्हणे सोसायटीच्या पुनर्विकासात घर रिकामं करताना रद्दीत गेला. सहा महिन्यांनी हा माणूस बरा आहे की नाही हे कळायचा मार्ग म्हणजे त्याच्या सुनेला फोन करणे, तोही लागला तर.

तिकडे १९४७ पासून प्रत्येकाला एक नंबर आहे, जन्मापासून मरेपर्यंत तोच, हॉस्पिटल कुठलंही असो. त्यावर त्यांनी आजारनिहाय रजिस्टर उभी केली. गुडघेबदलाचं १९७५ मध्ये सुरू झालं, खुब्याचं १९७९ मध्ये, कुठला सांधा किती वर्षं टिकला, कोणाचं परत ऑपरेशन करावं लागलं, सगळं त्यात. हार्टचंही आहे. मग ऑरेब्रोच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना एक युक्ती सुचली. अटॅकमध्ये नस उघडताना आधी गुठळी ओढून काढायची पद्धत तेव्हा जोरात होती, ती खरंच वाचवते का हे बघायचं होतं. नवीन कागदपत्रांचा पसारा घालण्यापेक्षा रजिस्टर भरता भरताच कॉम्प्युटरने चिठ्ठी टाकायची, याला ओढा, याला नको. ७,२४४ पेशंट झाले, दर पेशंटमागे जादा खर्च साधारण ५० डॉलर, पुढचा हिशोब रजिस्टरनेच दिला. २०१३ चा निकाल, ३० दिवसांत मृत्यू २.८ विरुद्ध ३.० टक्के, म्हणजे ओढून काही खास मिळत नाही. आता सरसकट कोणी ते करत नाही. मला ही गोष्ट सांगायला मजा येते कारण यात नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही, नुसती नीट ठेवलेली वही आहे.

सोसायटीच्या क्लबहाऊसला कॅम्प आहे, "एआय मॅमोग्राफी" डिस्काउंटमध्ये. मी ४६ वर्षांची. स्वीडनमध्ये हेच वापरतात असं पॅम्प्लेटवर लिहिलंय. (नेरूळ)

स्वीडनमध्ये ४० ते ७४ च्या बायकांना दर दीड-दोन वर्षांनी बोलावणं येतं आणि मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनाच्या एक्सरेचा, प्रत्येक फोटो दोन डॉक्टर बघतात. लुंड-माल्मोकडच्या मासाई अभ्यासात १ लाखाच्या वर बायका होत्या, त्यात एआयने फोटो चाळून दिले, कमी धोक्याचे एका डॉक्टरकडे, जास्त धोक्याचे दोघांकडे. वाचायचं काम ४४ टक्के कमी झालं, कॅन्सर २९ टक्के जास्त सापडले. मस्तच आहे. पण त्यामागे दर वेळी बोलावणारी यंत्रणा होती, पुढची तपासणी कोण करणार हे ठरलेलं होतं. कॅम्पवाल्यांना एवढंच विचारा की काही दिसलं तर पुढे कुठे पाठवणार? उत्तर चाचरत आलं तर डिस्काउंट राहू दे.

आणि एक आपल्या घरचंही सांगते. मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाखाच्या वर बायकांवर २० वर्षं अभ्यास केला, मॅमोग्राफी नाही, प्रशिक्षित ताई येऊन हाताने तपासायच्या. ५० च्या वरच्या बायकांत ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. हे २०२१ मध्ये छापून आलं तेव्हा आपल्याकडे कोणी पॅम्प्लेट काढलं नाही.

भाचीला जन्मतः गर्भाशय नाही. स्वीडनला जावं लागेल का? (घोडबंदर रोड)

नाही, पुण्यापर्यंतच. दुसऱ्या बाईचं गर्भाशय बसवून पहिलं बाळ गॉथेनबर्गच्या सालग्रेन्स्का हॉस्पिटलच्या टीमकडे सप्टेंबर २०१४ मध्ये झालं, गर्भाशय देणारी ६१ वर्षांची होती! पुण्यात २०१७ मध्ये पहिलं प्रत्यारोपण झालं, आईनेच मुलीला दिलं, आणि २०१८ मध्ये मुलगी झाली. पण ऑपरेशन खूप मोठं आहे, गर्भाशय शरीराने नाकारू नये म्हणून जड गोळ्या घ्याव्या लागतात, एक-दोन मुलं झाली की ते परत काढून टाकतात. भाचीला स्वतःला हवंय का हे आधी विचारा, मावशीला हवंय म्हणून नको.

तुम्ही स्वीडनचं फार कौतुक करता. माझ्या भावाला खारघरला ट्रायलमध्ये नाव घालता का विचारलंय. आम्ही काय गिनीपिग आहोत? (कळवा)

कौतुक करते तर दुसरी बाजूही ऐका. त्याच कॅरोलिन्स्कामध्ये मॅकियारिनी नावाच्या सर्जनने २०११ पासून प्लास्टिकची श्वासनलिका बसवायला सुरुवात केली, जगभर वाहवा झाली, तिथले तिन्ही पेशंट पुढे दगावले. आतल्याच डॉक्टरांनी तक्रार केली तर आधी त्यांनाच ऐकवलं गेलं. २०२३ मध्ये कोर्टाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली. एवढी मोठी संस्था, एवढे नियम, तरी झालं.

म्हणून भावाने भाबडेपणाने सही करू नये आणि घाबरून उठूनही येऊ नये. आपल्याकडे ट्रायलची, म्हणजे पेशंटवर उपचार तपासून बघणाऱ्या अभ्यासाची, नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते, तो नंबर मागा. चिठ्ठी कशी पडणार, मला नेहमीचं औषध मिळणार की नवीन, मध्येच सोडलं तर उपचार थांबतील का (थांबता कामा नयेत), आणि औषधाने इजा झाली तर खर्च नि भरपाई कोणाची, हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या. संमतीचा फॉर्म मराठीत मागा. घरी आणून वहिनींना वाचू द्या, आणि फॉर्म घरी न्यायचा नाही असं कोणी म्हणालं तर पेन परत द्या नि पुढची लोकल पकडा.