प्रदर्शनात पहिली गोधडी लावताय?

ताई, ठाण्याच्या आपल्या गटात स्वागत! पहिलीच गोधडी डबल बेडची नको, अर्धवट राहून माळ्यावर जाते. बाळाच्या दुपट्याएवढी घ्या. आईच्या जुन्या सुती नऊवारीचे थर उत्तम, सुई अलगद जाते. जांभळी नाक्यावरून नवं कापड आणलंत तर आधी भिजवून, वाळवून घ्या. मी आळस केला होता. पहिल्याच धुण्यात लाल खणाचा रंग पांढऱ्या अस्तरभर पसरला!

थर आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी धरून ठेवा, मग धावदोरा. दोरा ओढू नका, चुण्या पडतात. टाके वाकडे आले तरी चालतील, खरंच.

टांगण्यासाठी मागे वरच्या कडेला ४ इंची कापडी नळी शिवा, त्यातून काठी जाते. टाचण्यांवर लावलेली गोधडी मधोमध लोंबते. मशीनवर शिवायचं पुढच्या वर्षी बघू.